मनेनाच्या परातीची कल्हई

"ही कल्हई म्हणायची, का चुना फासलायस?"

"उजेडात धर आणि मग बोल."

"उजेडातच धरलीय. डाव्या काठाला लाट आलीय बघ. आंधळ्याच्या हातालासुद्धा लागेल."

"लाट नाही ती. तुझं बोट थरथरतंय."

"माझं बोट? मेल्या, याच बोटांनी मी रोज भट्टीतून परात ओढते. तुझा बाप असता ना, तर ही परात त्यानं तुझ्याच डोक्यात घातली असती."

मनेना ओल्चेसेच्या भट्टीच्या दुकानात वर्षातून दोनदा हे असं चालायचं. जूनमध्ये संत योहानाच्या सणाआधी एकदा, आणि नोव्हेंबरात मृतांच्या दिवसाआधी एकदा. जेरोलामो तस्सारा कल्हईवाला परात हातगाडीवरून परत आणायचा, मनेना ती दाराशी उभी करून तिच्यावरून बोट फिरवायची, आणि पुढचा अर्धा तास गल्लीत कुणाला रेडिओ लावायची गरज पडायची नाही. एकावन्न वर्षं हे चाललं. एकावन्न वर्षांत मनेनानं त्याच्या कामाला एकदाही बरं म्हटलं नाही, आणि परात दुसऱ्या कुणाकडे दिलीही नाही.

तसं बघायला गेलं तर आमच्या जेनोव्यात कुरकुर हा दोष नव्हेच, तो हक्क आहे. जुने खलाशी म्हणे जहाजावर चढण्याआधी विचारून घ्यायचे, की कुरकुर करायची मुभा आहे का? असेल तर पगार थोडा कमी चालेल. खरं-खोटं तो समुद्र जाणे. पण डॉक्टर नाडी बघायच्या आधी आमच्याकडे घरची माणसं कुरकुर बघतात, हे मात्र खरं. जेरोलामोचा बाप बेर्तोमे गेला त्या मंगळवारी त्यानं समोर आलेलं सूप मुकाट्यानं पिऊन टाकलं होतं. खारट नाही, अळणी नाही, एक शब्द नाही. जेरोलामोच्या आईनं पळी तिथेच टाकली आणि ती पाद्र्याला बोलवायला धावली.

या बेर्तोमेनंच पोराला कल्हई शिकवली. बंदराच्या मागे, जिथं समोरून माणूस आला तर एकानं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, अशा एका गल्लीत तीन पायऱ्या उतरून त्यांचं दुकान. दुकान कसलं, बीळच. आत शेगडी, भाता, चिमटे, कथलाच्या कांड्या, नवसागराचा डबा आणि कापसाचे बोळे. भांडं तापवायचं, नवसागर भुरभुरायचा, पांढऱ्या धुरात डोळे बारीक करून कथील फिरवायचं आणि बोळ्यानं एका हातात सारखं पसरायचं. दुसरा हात मारावा लागला की काम फसलं, असं बेर्तोमे म्हणायचा. पोरगं वर्षभर दुसरा हात मारत होतं आणि वर्षभर मार खात होतं.

त्या काळी काम डोंगराएवढं. जहाजांच्या स्वयंपाकघरातले हंडे यायचे, मठातल्या सिस्टरांची पातेली यायची, आणि भट्टीवाल्यांच्या पराती तर रांगेनं उभ्या असायच्या. परात म्हणजे मीटरभर रुंद, तांब्याची, दोन बोटं काठाची. तिच्यात आधी ऑलिव्हचं तेल, मग हरभऱ्याच्या पिठाचं पातळ कालवण, आणि लगेच लाकडाच्या भट्टीत. वरून सोनेरी, आतून लुसलुशीत निघते ती फारिनाता. वर काळी मिरी, कागदात तुकडा, आणि उभ्यानं खायचं. आमच्या गल्ल्यांत अशी चौदा दुकानं होती. मग स्टील आलं. जहाजांनी तांबं टाकलं, मठाचं हॉटेल झालं, आणि भट्ट्या एकेक करून विझल्या. एकीच्या जागी मोबाइलची कव्हरं आली, दुसरीच्या जागी फ्रिजवर चिकटवायची दीपगृहं. गेली सहा वर्षं जेरोलामोकडे एकच परात यायची. एका परातीत धंदा होत नाही हे त्यालाही कळत होतं. सरकारी पेन्शनवर पोट भागत होतं. पण सकाळी उठून पाव कॉफीत बुडवताना, आपण कल्हईवाले आहोत, असं त्याला अजून म्हणता येत होतं, ते त्या एका परातीमुळे.

आणि मनेनामुळे. हे सांगायला लाज कसली? सगळ्या गल्लीला माहीत होतं.

सव्वीस वर्षांचा असताना जेरोलामो तिला मागणी घालायला गेला होता. नुसतं कसं जायचं म्हणून तिच्या बापाची परात नवी कल्हई करून बरोबर घेतली. मनेना तेव्हा चोविशीची. तिनं परात उभी केली, बोट फिरवलं आणि म्हणाली, "डाव्या काठाला लाट आलीय." आता शहाण्या माणसानं काय करावं? म्हणावं, राहू दे लाट, मी दुसरंच विचारायला आलोय. पण हा पडला बेर्तोमेचा मुलगा! कान लाल झाले, परात उचलली आणि काठ पुन्हा करायला घेऊन गेला. आठ दिवस लावले. आठव्या दिवशी आरशासारखा काठ घेऊन आला, तेव्हा कळलं, की गोदीतल्या एका हमालानं सोमवारी विचारलं आणि मनेनानं बुधवारी हो म्हटलं.

हमाल अकरा वर्षांत गेला. मग तरी विचारावं की नाही? पण सुतकात कसं विचारायचं, म्हणून वर्ष गेलं. मग भट्टी नवी बांधायची निघाली. मग पुढच्या कल्हईला विचारू. कल्हया होत गेल्या. प्रत्येक कल्हईनंतर परातीच्या काठाला बाहेरून खिळ्यानं एक बारीक ठिपका मारायची तस्सारांची रीत होती. बापाच्या फुल्या, मुलाचे ठिपके. ठिपके शंभरावर गेले, पण याच्या तोंडून शब्द काही फुटला नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मनेना दुकानाच्या ओल्या पायरीवर घसरली आणि कंबरेचं हाड मोडलं. इस्पितळातून तिला नेलं ते थेट टेकडीवरच्या वृद्धाश्रमात. मूलबाळ नव्हतं. दुकान भाच्याच्या, इवानोच्या नावावर केलं. तो बंदरावर गाड्यांचं पार्किंग सांभाळायचा. वाईट मुलगा नव्हे हो. पण हरभऱ्याचं पीठ आणि सिमेंट यांतला फरक त्याला पाकीट वाचल्याशिवाय कळत नसे.

निघायच्या दिवशी मनेनानं जेरोलामोला खाटेपाशी बोलावलं.

"ऐक. ईस्टरपर्यंत मी येतेय परत. तोवर परात भट्टीतून बाहेर पडू द्यायची नाही. रोज एक तरी फारिनाता निघाली पाहिजे. भट्टी एकदा गार पडली की कुणी पेटवत नाही. तेरा बघितल्यात मी."

"नाही पडू देणार."

"वचन दे. आणि तोंड असं करू नकोस, मी मरत नाहीये."

त्यानं वचन दिलं. मनेनानं आपला निळा एप्रन, जागोजागी भाजलेला, बरोबर नेला आणि आश्रमातल्या खोलीच्या दारामागे खुंटीला अडकवला. तिथल्या सिस्टर धुवायला मागायला आल्या, तर त्यांना हाकलून दिलं. म्हणाली, "धुतला की दुकान मला ओळखणार नाही."

पहिले चार महिने जेरोलामो रोज पहाटे भट्टीपाशी हजर. लाकडं कशी रचायची, पिठावरचा फेस किती काढायचा, वारा समुद्रावरून असेल तर पीठ किती वेळ जास्त भिजवायचं, सगळं त्यानं इवानोला दाखवलं. आणि दर शुक्रवारी एक तुकडा कागदात गुंडाळून, कोटाच्या आत धरून, शहरातून टेकडीवर जाणाऱ्या सार्वजनिक लिफ्टनं वर. मनेना तुकडा मोडायची, नाकाशी न्यायची, चावायची आणि सुरू व्हायची.

"मीठ कुठाय? इवानोकडे मीठ बंदोबस्तात ठेवलंय का?"

"सांगतो त्याला."

"कड करपलीय. लाकूड ओलं असणार. आणि ही कांद्याची पात कुणी चिरली, सुतारानं? अरे, हसतोस काय दात काढून?"

हसणार नाही तर काय! तो तक्रारी मोजत खाली यायचा आणि इवानोला जशाच्या तशा ऐकवायचा. तीन तक्रारींच्या दोन झाल्या, दोनाची एक. ईस्टर गेला. मनेना म्हणाली, "जूनमध्ये येते. संत योहानाच्या आधी परात कल्हईला घेऊन जा, मी आल्यावर बघेन." चार पावलं ती काठी धरून चालूनही दाखवायची. जेरोलामोला वाटायला लागलं, की येईल ही.

मे महिन्यात जहाजं वाढली. आठ-आठ मजल्यांची जहाजं सकाळी धक्क्याला लागायची आणि चार-चार हजार माणसं गल्ल्यांत सोडायची. त्यांच्यातली बावीस-बावीस जणं छातीवर पिवळा कागद चिकटवून लोरेदानाच्या मागून चालायची. ही लोरेदाना म्हणजे शहर दाखवणारी. एका हातात मिटलेली लाल छत्री, गळ्यात माइक. संगमरवरी वाडे, चर्च आणि मधेमधे खाणं, अशी तिची फेरी. एका दुकानाला एकोणीस मिनिटं. बोलायला गोड, चालायला घोडी. तिनं इवानोचं दुकान फेरीत घेतलं तेव्हा पोरगं हवेत होतं.

आठच दिवसांत तिनं त्याला बाजूला घेतलं. "इवानो, लोकांना चव आवडते, पण बघायला काही नाही रे. परात बाहेरून काळीकुट्ट. धुरानं डोळे चुरचुरतात. आणि पीठ ओतताना आवाज येत नाही. फोनवर काय दाखवतील बिचारे घरी?"

"आवाज?" जेरोलामो कोपऱ्यातून म्हणाला. "फारिनाता काय बँड आहे?"

"काका, तुम्ही रागावू नका. पण चुर्र व्हायला हवं. तव्यावर कसं होतं, तसं."

वरच्या मजल्यावरची घरंही पाहुण्यांना भाड्यानं जायला लागली होती. त्यांनी धुराची तक्रार नगरपालिकेत नेली. इवानोची पाठ लाकडं वाहून धरली होती. सगळं एकदमच आलं त्याच्यावर, हेही कबूल केलं पाहिजे.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात जेरोलामोनं परात कल्हईला नेली. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, पण तीन दिवस त्या बिळात त्यानं घाम गाळला. पहिल्यांदाच डाव्या काठापासून सुरुवात केली. एका हातात सगळं कथील फिरलं, दुसरा हात मारावा लागला नाही. बाप असता तर काही बोलला नसता, म्हणजे पसंत पडलं असतं. ठिपका मारला, परात हातगाडीवर घातली आणि इवानोसमोर उभी केली.

"कशी चकाकतेय काका! हीच लोकांना दाखवायची."

"दाखव. पण एक लक्षात ठेव. रिकामी परात भट्टीत घालायची नाही. तेल, वर पीठ, मगच आत. ओलं पीठ आहे तोवर कथलाला काही होत नाही. रिकामी गेली तर कथील वितळतं. ऐकलंस?"

"ऐकलं हो."

"काय ऐकलंस?"

"रिकामी नाही घालायची. काका, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

वर जाऊन त्यानं मनेनाला सांगितलं. ती म्हणाली, "बघेन आल्यावर. लाट असणारच." संत योहानाच्या सणाला तीन दिवस उरले होते, आणि डॉक्टरांनी तिला सणाच्या दिवशी दोन तास खाली न्यायला परवानगी दिली होती. तिनं दारामागचा एप्रन काढून झटकला आणि पुन्हा अडकवला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांत मोठं जहाज आलं. जेरोलामो दुकानात पोचला तेव्हा पिवळ्या कागदवाल्यांनी गल्ली भरली होती. गल्लीची माणसं म्हणून दोघंच, एक जोडेवाला आणि मासळीबाजारातली एक बाई, मागे ताटकळत कुरकुरत होती. आतून चुर्रर्र असा मोठा आवाज आला आणि मग टाळ्या.

फारिनाताला चुर्र होत नाही. चुर्र व्हायचं तर परात आधी तापलेली लागते. रिकामी.

कोपरं मारत त्या गर्दीतून वाट काढायला जेरोलामोला दहा मिनिटं लागली. तोवर परात भट्टीतून बाहेर आली होती आणि इवानो घामाघूम होऊन तुकडे कापत होता. वाटायलाही सुरुवात झाली होती. टोपीवाल्या एका बाईनं तोंडातून काहीतरी काढून तळहातावर धरलं. वाटाण्याएवढा चकचकीत मणी. तिनं तो लोरेदानाला दाखवला आणि विचारलं, ही इथली काही पद्धत आहे का?

लोरेदानानं मणी बोटांत फिरवून बघितला. मग ती माइकमध्ये म्हणाली, "हो हो! जेनोव्याची जुनी प्रथा. चांदीचा मणी ज्याच्या तुकड्यात निघेल तो वर्षभर नशीबवान!"

झालं. बावीसच्या बावीस जणं बोटांनी फारिनाता उकरायला लागली. कुणाला दोन मिळाले, कुणाला पाच. एक म्हातारा तळाशी साचलेला कथलाचा ओघळ चमच्यानं खरवडत होता आणि बायको त्याचा फोटो काढत होती. ज्यांना मिळाला नाही त्यांची तोंडं पडली.

"खाऊ नका!" जेरोलामो ओरडला. "अहो, थुंका ते! कथील आहे! माझी कल्हई आहे ती!"

कुणाला कळणार? सगळी त्याच्याकडे हसून बघत होती, हाही खेळाचाच भाग असेल म्हणून. एकानं टाळ्यासुद्धा वाजवल्या. जेरोलामोनं परात दोन्ही हातांनी ओढली. तळहात भाजले. तो कोपऱ्यात तोंड फिरवून उभा राहिला, आणि रडला. जोडेवाल्यानं बघितलं, म्हणून तर मी सांगतोय. लोरेदानानं लाल छत्री वर केली आणि पुढचं ठिकाण चॉकलेटचं आहे असं सांगून सगळ्यांना घेऊन गेली.

गल्ली रिकामी झाल्यावर इवानो बाकावर बसला.

"काका, थोडीच तापवायची होती. एकच मिनिट. ती बाई रोज म्हणत होती, आवाज पाहिजे, आवाज पाहिजे."

"सांगितलं नव्हतं मी?"

"सांगितलं होतं."

"मग?"

"मग काय? चुकलो." तो दोन्ही हातांनी डोकं धरून बसला होता. "उद्या कुणाचं पोट दुखलं म्हणजे? मला नाही झेपत काका. धूर, लाकडं, कथील. मी इलेक्ट्रिक भट्टी सांगून ठेवलीय. सोमवारी येतेय."

"मी पुन्हा लावून देतो कल्हई. हात बरे झाले की. चार दिवस दे."

"नको."

"फुकट देतो रे."

"पैशांचं नाही हो." इवानो हळू आवाजात बोलला. "तुम्ही कुणासाठी धडपडताय ते मला कळत नाही का? आत्या परत येणार नाही. ते दोन तास खाली न्यायचं, तेसुद्धा डॉक्टर तिचं मन राखायला म्हणाले होते. ती परत येणार नाही हे मला फेब्रुवारीतच सांगितलंय त्यांनी."

भट्टीतला विस्तव लाल होता तो राखेखाली गेला. त्या दिवशी कुणी लाकूड घातलं नाही. संत योहानाच्या दिवशी मनेनाला ताप होता, म्हणून तिला खाली आणलंच नाही, आणि जेरोलामोला त्या तापाचं बरंच वाटलं. त्याची त्याला शरमही वाटली.

इलेक्ट्रिक भट्टी आली. तिच्याबरोबर काळे, न चिकटणारे चौकोनी ट्रेही आले. आता परातीचं काय करायचं? लोरेदाना म्हणाली, भिंतीवर लावा, फोटोला छान दिसेल. इवानो जेरोलामोच्या तीन पायऱ्या उतरून खाली आला. परात त्याच्या काखेत होती.

"काका, वर काठाला एक भोक पाडायचंय. खिळ्याला अडकवायला."

जेरोलामोनं हातातला चिमटा खाली ठेवला. त्यानं आयुष्यभर भांड्यांची भोकं बुजवली होती. सुईच्या टोकाएवढं छिद्रसुद्धा उजेडात धरून शोधायचं आणि बुजवायचं, म्हणजे तेलाचा थेंब भट्टीत पडायला नको.

"तुम्हाला नसेल जमत तर राहू दे. माझ्याकडे ड्रिल आहे."

"ड्रिलनं तांबं फाटेल, गाढवा. ठेव ती इथे."

तो गेल्यावर जेरोलामोनं परात मांडीवर घेऊन काठ फिरवून बघितला. बापाच्या फुल्या, मग त्याचे ठिपके, एकाला लागून एक. मोकळी जागा कुठं उरलीच नव्हती. बापाच्या फुलीवर घाव घालायला त्याचं मन धजेना. मग त्यानं आपला पहिला ठिपका शोधला, एकावन्न वर्षांपूर्वीचा, डाव्या काठावरचा. लाट निघाली म्हणून तो काठ त्यानं आठ दिवस घासला होता. तिथं त्यानं भोक पाडायचा पोगर टेकवला आणि हातोडी मारली. एकाच घावात आरपार. मग कानशीनं कडा गोल केल्या, कुणाला बोचू नये म्हणून, आणि परात इवानोला देऊन आला.

त्या शुक्रवारी तो टेकडीवर गेला नाही. निरोप पाठवला, की सर्दी झालीय. पुढच्या शुक्रवारी मात्र जावंच लागलं. इवानोच्या नव्या ट्रेमधला एक चौकोनी तुकडा घेतला, कडा हातानं तोडून गोलसर केल्या, मिरी जरा जास्त घातली आणि कागदात गुंडाळला. लिफ्टमध्ये त्यानं उत्तरं तयार केली. मीठ कमी म्हणाली तर म्हणायचं, नवीन पोतं आहे. कड नाही म्हणाली तर मधला तुकडा आणलाय. धुराचा वास नाही म्हणाली तर? तर म्हणायचं, तुला पडसं झालंय.

मनेना खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. तापानं उतरली होती. काठी भिंतीला टेकवलेली.

"हाताला काय झालं?"

"भाजला जरा. परात जागेवर..." त्याचं त्यालाच बोलणं सुधरेना. "परात आहे जागेवर."

"भिंतीवर?" मनेनानं विचारलं.

कुणी सांगितलं असेल? मासळीबाजारातली बाई रविवारी येऊन गेली होती म्हणे. का तिला नुसतंच कळलं?

"मनेना, मी..."

"आण तो तुकडा."

तिनं कागद उलगडला. तुकडा मोडला. नाकाशी नेला नाही. सरळ तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिली. जेरोलामो समोर उभा, टोपी हातात. एकेक घास ती खात होती, त्याचे सगळे जवाब तोंडाशी आलेले. शेवटचा कण तिनं बोटानं टिपून खाल्ला, कागदाची चौकोनी घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

"छान आहे," ती म्हणाली.

"मीठ?"

"बरोबर आहे."

"मनेना, मीठ कमी आहे. मला माहीत आहे, कमी आहे."

"नाही रे. ठीक आहे."

"कड तरी बघ. कड नाहीच आहे. धुराचा वास नाही. अगं, रबर आहे ते! काहीतरी बोल की! शिव्या घाल मला. मी शब्द पाळला नाही."

"तू खूप केलंस, जेरो," मनेना म्हणाली. "काम चांगलं असायचं तुझं."

एकावन्न वर्षं त्याला हेच ऐकायचं होतं. आता ऐकून तो खाटेच्या कडेवर बसला. खाली बंदरात जहाजानं भोंगा दिला. जेवायची वेळ झाली म्हणून सिस्टर वाडगा घेऊन आत आली. मनेनानं चमचा हातात घेतला आणि काही न म्हणता सूप प्यायला लागली.

जेरोलामो उठला. दारापर्यंत गेला, तेव्हा मागून ती म्हणाली, "तो एप्रन घेऊन जा. इथे उगाच खुंटी अडवतोय. सिस्टरना टॉवेल अडकवायला जागा नाही."

त्यानं खुंटीवरून एप्रन काढला, घडी घातली आणि कोटाच्या आत, जिथं तो शुक्रवारचा तुकडा धरायचा, तिथं धरला. लिफ्टपाशी रांग होती. पिवळे कागद लावलेली माणसं वरून शहर बघायला आली होती, त्यांचे फोटो काढून संपेपर्यंत तो थांबला आणि मग खाली उतरला.